खांद्यांची यादी

चतुरानं गावच्या सोसायटीच्या गोदामात पहिल्या दिवशी अठरा खांदे मोजले आणि दुसऱ्या दिवशी बावीस. माणसं चाळीस होती, तेव्हा खरं तर खांदे ऐंशी व्हायला हवे होते. पण कारखान्याच्या ठरावात 'उजवा खांदा' एवढंच लिहिलं होतं आणि ठरावाबाहेर जायची तिची तयारी नव्हती.

कारखाना सहकारी होता आणि गावापासून तीनशे किलोमीटर लांब, नदीच्या मुलखात होता. ऊस तोडणाऱ्यांचे खांदे चाळिशीतच का धरतात, याचा अभ्यास व्हावा असा ठराव त्याच्या वार्षिक सभेत एकमतानं मंजूर झाला होता. जेवणाआधीचा शेवटचा ठराव असल्यामुळे त्याला कुणी विरोध केला नव्हता. तो फिरत फिरत एका कॉलेजात आला आणि कॉलेजानं तो चतुराच्या हातात दिला. तिची फिजिओथेरपीची पदवी ताजी होती, शिवाय ती मूळची कड्याची, म्हणजे या शिरूर कासारकडच्या गावातली माणसं काय बोलतात ते तिला समजेल, असा हिशोब. तिनं ऊसतोडीच्या वीस जोड्या मागितल्या. या धंद्यात नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. नवरा तोडतो, बायको मोळी बांधते आणि मोळ्या दोघंही डोक्यावरून ट्रकवर चढवतात. वीस कोयते म्हणजे चाळीस माणसं.

मोजायचं साधन अगदी साधं होतं. प्लास्टिकच्या दोन पट्ट्या, मध्ये एक खिळा, खिळ्याभोवती अंशांची गोल तबकडी. खिळा खांद्याच्या बाजूला धरायचा, एक पट्टी बरगडीला समांतर, दुसरी दंडाबरोबर. हात समोरून वर न्यायला सांगायचा आणि जिथं थांबेल तिथला आकडा लिहायचा. नीट हात कानाला लागला की एकशे ऐंशीच्या आसपास. गावानं पहिल्याच तासात या साधनाचं नाव 'कंपास' ठेवलं.

खांद्याचा सांधा म्हणजे वाटीतला चेंडू, असं पुस्तकांत असतं. चतुराला ते पटत नसे. तिच्या मते तो लिंबू-चमच्याच्या शर्यतीतला लिंबू होता: चमचा उथळ, लिंबू मोठं, आणि सगळी मदार धरणाऱ्यावर. म्हणून तर खांदा इतर कुठल्याही सांध्यापेक्षा जास्त फिरतो, आणि म्हणूनच तो इतका लवकर बिघडतो.

गोदामाबाहेर रांगेत उभ्या असलेल्या माणसांना यातलं काही सांगायची गरज पडली नाही. त्यांना आकड्यात रस होता.

"किती आलं बे?"

"एकशे अडुसष्ट."

"रग्गड हाय की! माझं एकशे साठच. सकाळच्यापारी आलो असतो तर वाढलं असतं."

सर्वांत जास्त आकडा धुळाजीचा आला. पंचविशीचा सडपातळ गडी, हात वर न्यायला सांगितला तर तो कानामागे जाऊन पाठीकडे कलला. एकशे शहाण्णव. बाहेर टाळ्या पडल्या. चतुरानं त्या आकड्याभोवती लाल गोल केला. एकशे ऐंशीच्या एवढा पुढे जाणारा खांदा म्हणजे सैल खांदा, आणि सैल खांदा निसटतो. लाल गोलाचा अर्थ तिनं वहीत खाली बारीक अक्षरात लिहूनही ठेवला.

सर्वांत कमी आकडा छबुबाईचा. वय पंचेचाळीस, बांधा ठेंगणा, पंचवीस हंगाम तोडणीचे. तिनं हात वर न्यायला सुरुवात केली आणि हाताबरोबर अख्खी कंबरही डावीकडे कलायला लागली.

"मावशी, वाकू नका."

"वाकले न्हाई. हात वर चाललाय, मी त्याच्यासंगं चालले."

चतुरानं मागून तिच्या खांद्याच्या पात्यावर अंगठा ठेवला. हात वर जाताना दर तीन अंशांतला एक अंश हे पातं सरकल्यानं मिळतो, दोन सांध्याचे. छबुबाईच्या सांध्यानं आपला बराचसा वाटा द्यायचा कधीच सोडला होता. सगळं पातंच ओढत होतं. कंबर सरळ धरल्यावर हात थांबला तो थांबलाच.

"दुखतं का?"

"तुमी मापायला आलात का दुखवायला?"

एकशे चार अंश. "कुणाला सांगू नगा," छबुबाई पदर नीट करत म्हणाली. "कुणाला सांगणार नाही," चतुरा म्हणाली. ती तसं प्रत्येकालाच सांगत होती. पण छबुबाईनं ते मागून घेतलं होतं.

घोळ तिसऱ्या दिवशी झाला, आणि तो चतुराच्या हातून झाला. सोसायटीचा सेक्रेटरी रामकिसन नियमानं चालणारा माणूस होता. गोदाम सोसायटीचं, तेव्हा तिथं झालेल्या कामाची एक प्रत सोसायटीच्या दप्तरी पाहिजे, असं त्यानं सांगितलं. चतुरानं नावं झाकून नुसते क्रमांक दिले. रामकिसननं कागद परत केला. नावं नसलेला कागद दप्तरी लावता येत नाही. दप्तर म्हणजे कपाट, कपाटाला कुलूप, असं धरून चालून तिनं नावं लिहून दिली.

त्या साली परतीचा पाऊस फिरकला नव्हता. टँकर दिवसाआड येत होता आणि सोसायटीनं शाळेमागच्या माळावर जनावरांची छावणी उघडली होती. टँकरची यादी, कडब्याची यादी, पेंडीची यादी. महिनाभरात गावाला एक गोष्ट पाठ झाली होती: सोसायटीच्या फळ्यावर लागलेल्या यादीत जो वर, त्याला मिळतं, जो खाली, तो उद्या या. रामकिसनच्या हाताला तर इतकी सवय झाली होती की आकडे दिसले की तो ते मोठ्याकडून लहानाकडे लावायचा, खाली शिक्का मारायचा आणि 'हरकत असल्यास सात दिवसांत' असं लिहायचा.

चौथ्या दिवशी सकाळी चतुरा आली तेव्हा फळ्यापुढे गर्दी होती. रामकिसननं नवऱ्याचे अंश आणि बायकोचे अंश मिळवून जोडीची बेरीज केली होती. एक नंबरला धुळाजी आणि बायनाबाई, तीनशे चौऱ्याहत्तर. विसाव्या नंबरला बद्रीनाथ आणि छबुबाई, दोनशे चोपन्न. लाल गोल काळ्या शाईत उतरवताना गळला होता.

"रामकिसनभाऊ, ही यादी कशाची आहे?"

"खांद्यांची."

"पण ती कशासाठी?"

रामकिसननं तिच्याकडे जरा काळजीनं पाहिलं. "आता ते तुमाला म्हाईत. तुमीच मापलंय."

कशासाठी ते दुपारी अर्जुनराव मुकादमानं ठरवलं. त्याच्याकडे दरसाल वीस कोयते असायचे. यंदा नदीकाठचाही ऊस वाळला होता आणि कारखान्यानं त्याला बाराच आणायला सांगितले होते. आठ जोड्या गाळायच्या होत्या. विसांपैकी चौदा जोड्या त्याच्या नात्यातल्या होत्या, उरलेल्या सहा बायकोच्या. पंधरा दिवस तो घरी नीट जेवला नव्हता. फळ्यापुढे उभं राहून त्यानं यादी वरून खाली वाचली, बाराव्या नावाखाली बोटानं रेघ ओढली आणि म्हणाला, "हे बरं झालं. शिक्का हाय."

चतुरानं त्याला गाठून समजावलं. हात किती वर जातो आणि माणूस किती काम करतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उलट ज्याचा फार वर जातो त्याचा खांदा धोक्यात असतो. अर्जुनराव मान डोलावत ऐकत होता.

"मॅडम, बरुबर हाय तुमचं. पण माझ्या मावसभावाला मी काय सांगू? ह्या यादीत तो सतरावा हाय. म्या न्हाई केला, कंपासानं केला. पंधरा दिवसांत पयल्यांदा माझ्यावर कुणी चिडलेलं न्हाई."

"माझ्यावर चिडलेत."

"तुमी काय, जाणार की आठवड्यात."

सात दिवसांत अकरा हरकती आल्या. दहा हरकतींचा मजकूर एकच: माप कमी घेतलं, परत घ्यावं. सुंदरबाईनं तर जावेचा खांदा जास्त कसा, ती घागरसुद्धा उचलत नाही, असं तीन ओळींत सविस्तर लिहून घेतलं होतं. अकरावी हरकत छबुबाईची. ती तिनं रामकिसनकडूनच लिहून घेतली, आणि लिहिताना तोच अडला.

"माझं माप बरुबर हाय, यादी चूक हाय. असं लिव."

"वयनी, हरकत म्हंजी माप चूक हाय म्हणायचं. माप बरुबर म्हणल्यावर हरकत कशाची?"

"यादीची."

"यादी मापावरच हाय की."

"माप हाताचं हाय. म्या मोळी हातानं उचलीतच न्हाई."

"मग कशानं उचलतीस?"

"गुडघ्यानं."

बाहेर हशा पिकला. कोपऱ्यात सामान भरत असलेली चतुरा थांबली. तिला दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी होती. तिनं पट्ट्या पिशवीतून परत बाहेर काढल्या आणि विचारलं, "मावशी, उचलून दाखवता?"

गावात ऊस नव्हता. छावणीतून कडब्याची तीस किलोंची मोळी मागवली. रामकिसननं ती रीतसर पावतीवर दिली, 'वैज्ञानिक कामासाठी, परत बोलीवर'. ज्या म्हशीच्या तोंडची ती होती, ती म्हैस ओरडत राहिली.

बाकीच्या बायका मोळीला दोन्ही हात घालून तिला छातीवरून झटक्यात डोक्यावर फेकत. छबुबाईनं मोळी आधी उभी केली. मग तिच्यापुढे ती उकिडवी बसली, डोक्यावरची चुंबळ मोळीच्या बरोबर मध्यावर टेकवली, मोळी स्वतःकडे कलती करून घेतली आणि गुडघ्यांवर जोर देऊन उठली. मोळी डोक्यावर आडवी झाली. उजवं कोपर सगळा वेळ बरगडीला चिकटलेलं होतं. तळहात बांधाला खालून नुसता लागला होता, चुलीवरच्या तव्याला लावावा तसा.

"हे कुणी शिकवलं?"

"खांद्यानं. चार वरसं झाली, हात वर जाईना. ह्यास्नी सांगितलं तर म्हणले, मुकादमाला कळू देऊ नको. मग अशी सवय लावली. आता ह्येबी अशीच उचलत्यात."

चतुराला हे मोजावंसं वाटलं. छावणीतला कडबा तोलायचा स्प्रिंगचा काटा होता. त्याचा खालचा हूक मोळीच्या बांधात अडकवला आणि कडी उचलणाऱ्याच्या उजव्या हातात दिली. म्हणजे हाताला किती किलो ओढ बसते ते दिसे. त्याच वेळी हात खांद्यापासून आडवा किती लांब आहे, ते ती टेपनं घेई. दोन्हींचा गुणाकार म्हणजे खांद्यावरचा भार. पहारीनं धोंडा उलथणाऱ्या माणसांना हे समजावून सांगावं लागलं नाही. "लांबून धरलं की जड," धुळाजीच म्हणाला. छबुबाईचा हात बावीस सेंटिमीटरवर आणि ओढ पाच किलो: एकशे दहा. सुंदरबाईचा हात पन्नासावर आणि ओढ आठ किलो: चारशे. मोळी तीच.

मग हरकतींची सुनावणी म्हणून चाळीसही जणांना मोजायचं ठरलं. दोन दिवस, चाळीस माणसं, एक मोळी. पहिल्याच दिवशी धुळाजीनं ती नेहमीप्रमाणे हात मागे टाकून झेलली आणि त्याचा उजवा खांदा निसटला. मोळी पडली. धुळाजी खाली बसला, दुसऱ्या हातानं मनगट धरून ओढलं, काहीतरी कटकन वाजलं आणि तो घाम पुसत उभा राहिला. "व्हतंय कदीमदी," तो म्हणाला. अर्जुनराव हे बघत होता. त्यानं खिशातून यादीची नक्कल काढली, एक नंबरकडे बघितलं आणि परत घडी घातली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आकडे तयार झाले. चतुरानं ते स्वतः रामकिसनच्या टेबलावर नेऊन ठेवले आणि बजावलं, "यात कमी आकडा चांगला. एकशे दहा चांगले, चारशे वाईट."

सकाळी यादी लागली. एक नंबरला सुंदरबाई आणि तिचा नवरा. विसाव्या नंबरला बद्रीनाथ आणि छबुबाई.

"भाऊ, मी काय सांगितलं होतं?"

"ध्यानात हाय. पण यादी मोठ्याकडून लहानाकडंच लागती. उलटी लावली तर लोक खालून वाचतील का वरून? पेंडीच्या वक्ताला एकदा झालतं तसं. मारामारी झालती." त्यानं शिक्क्याचं खोकं जवळ ओढून घेतलं. "आकडे बदला, यादी बदलंल."

चतुरानं आयुष्यात एकही आकडा बदलला नव्हता. प्रॅक्टिकलच्या वहीत ज्या मुलीचं निरीक्षण सूत्राशी जुळत नसे आणि जी ते तसंच सादर करून मार्क घालवी, ती हीच. ती गोदामाच्या पायरीवर बसली. छबुबाई शेजारी येऊन बसली. तिनं काही मागितलं नाही. नुसतं विचारलं, "मंग आमी ऱ्हायलो का?"

"तुम्ही गावात राहिलात तर काय कराल?"

"काय करनार? म्हशीसारखं. टँकरची वाट बघायची."

चतुरानं वही उघडली. आकडा बदलायचा नव्हता. भागता येत होता. एखाद्या खांद्यानं हंगामात चव्वेचाळीस हजारांचा भार सोसायचा ठरवला, तर तो किती मोळ्या चढवील? चारशेनं भागलं की एकशे दहा मोळ्या. एकशे दहानं भागलं की चारशे. खोटं काहीच नव्हतं. तेच माप पालथं घातलं होतं. चव्वेचाळीस हजारच का, असं कुणी विचारलं असतं तर तिला सांगावं लागलं असतं की पूर्णांक येतात म्हणून. कुणी विचारलं नाही. रकान्याला तिनं 'मोळ्या' असं नाव दिलं. रामकिसननं तो मोठ्याकडून लहानाकडे लावला, शिक्का मारला आणि समाधानानं म्हणाला, "आता कसं यादीवानी दिसतंय."

एक नंबरला बद्रीनाथ आणि छबुबाई. अर्जुनरावनं बाराव्या नावाखाली नवी रेघ ओढली. धुळाजी सोळावा, सुंदरबाई विसावी. सुंदरबाई तिथल्या तिथं हरकत लिहायला बसली. यादी कशीही लावली तरी रेघेखाली आठ जोड्या राहणारच होत्या, हे चतुराला त्या क्षणी दिसलं. आणि याला भागायला तिच्याकडे काही नव्हतं.

आणखी एक गोष्ट तिला दिसली, ती आधी दिसायला हवी होती. जो खांदा चाळिसांत सगळ्यांत आजारी होता, तोच तिनं अगदी अचूक मापं घेऊन पाच महिन्यांच्या तोडणीला पाठवला होता. ती छबुबाईला शोधत गेली. छबुबाई छावणीत म्हशीपुढे कडबा टाकत होती, बद्रीनाथ बादली धुवत होता.

"मावशी, खरं सांगते. हा खांदा मोकळा व्हायचा असेल तर सहा महिने वजन बंद पाहिजे."

"आत्ताच तर पयल्या नंबरला बसविलंत."

"हो."

"मंग?"

चतुरानं निदान व्यायाम सांगायचं ठरवलं. "भिंतीकडं तोंड करून उभं राहायचं. बोटं भिंतीवर ठेवायची आणि मुंगीसारखी वर चढवत न्यायची. जिथं अडेल तिथं तीस आकडे मोजायचे. दिवसातून तीनदा. रोज केसभर वर गेली तरी पुष्कळ."

छबुबाईनं नीट ऐकून घेतलं. "भिंत कुटली?"

"कुठलीही."

"आवं बाई, फडावर ऱ्हायला पाचटाची कोपी असती. बोट लावलं की आत जातंय."

"ट्रकचा फाळका?"

"भरला की जातोय."

"एखादं झाड?"

"उसात झाड असतंय व्हय?"

चतुरा विचारात पडली. पाच फुटांवर सपाट, न हलणारं, दिवसातून तीनदा हाताशी असणारं काय असतं, याची ती मनात यादी करत होती आणि ती यादी कोरी राहत होती. छबुबाईनं म्हशीपलीकडे बघितलं.

"अवं, इकडं या जरा. ती बादली ठिवा."

बद्रीनाथ आला. उंच, रुंद पाठीचा माणूस. छबुबाईनं त्याला दोन्ही दंडांना धरून पाठमोरा वळवला आणि पुढे उभा केला. मग उजव्या हाताची बोटं त्याच्या कमरेवर ठेवली आणि ती मणक्याच्या कडेकडेनं वर चढवायला लागली.

"काय करतीस?"

"हालू नगा. भिंत हाय तुमी."

"गुदगुल्या व्हत्यात."

"भिंतीला व्हत न्हाईत."

बोटं त्याच्या खांद्यापर्यंत आली, मानेशी आली, आणि अडली. छबुबाईचे दात एकमेकांवर घट्ट बसले. चतुरानं तीस मोजले, शेवटचे दहा जरा सावकाश. मग तिनं नकळत पट्ट्या काढून खिळा खांद्याला लावला, पात्यावर अंगठा ठेवला आणि वाचलं.

"एकशे सहा."

बद्रीनाथनं वळून बघायचा प्रयत्न केला आणि बोटांनी टोचलं म्हणून परत सरळ झाला.

"कुटं लिवू नगा," छबुबाई म्हणाली.

चतुरानं पेनाचं टोपण काढलं होतं. ते तिनं परत लावलं.